दादाची इम्युनिटीच त्याचं लिव्हर खातेय का?

पत्र: माझा दादा 36 वर्षांचा आहे, त्याला हिपॅटायटिस बी आहे, बहुतेक जन्मापासूनच, कारण आईलाही आहे. इतकी वर्षं त्याचा व्हायरल लोड म्हणजे रक्तातला व्हायरस खूप जास्त पण एसजीपीटी ही लिव्हरची टेस्ट कायम नॉर्मल, त्यामुळे नुसतं चेकअप चालू होतं. चार महिन्यांपूर्वी एसजीपीटी एकदम 410 आला आणि व्हायरल लोड मात्र आधीपेक्षा कमी! डॉक्टरांनी टेनोफोविर ही व्हायरसवरची गोळी सुरू केली. मग दादाने नेटवर वाचलं की व्हायरस लिव्हरच्या पेशी मारतच नाही, आपली इम्युनिटीच त्यांना मरायला लावते, त्याला अपॉप्टोसिस म्हणतात. तेव्हापासून तो म्हणतो, मग व्हायरसची गोळी घेऊन काय उपयोग, आणि तीन आठवडे झाले गोळी बंद आहे. दुसरीकडे घरातले त्याला इम्युनिटी वाढवायच्या पावडरी देतायत. मी असंही वाचलं की पेशींचं हे मरणं थांबवणारं औषध निघालंय, ते मिळवता येईल का? आई रोज रडते की माझ्यामुळे झालं. मी स्वतः ठणठणीत आहे, पण दादाचं काय करू कळत नाही. – धाकटी बहीण

ताई,

बाकी सगळं नंतर वाचा, आधी दादाच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळी बंद केलीय हे स्पष्ट सांगा. उद्या नाही, आज. हिपॅटायटिस बीची गोळी मध्येच सोडली की व्हायरस परत जोरात वाढतो आणि त्याच्या मागोमाग लिव्हरची सूज उसळते, कधीकधी इतकी की पेशंट लिव्हर फेल होण्यापर्यंत जातो. प्रत्येकाचं असं होत नाही, पण ज्याचा एसजीपीटी आत्ताच 410 होता त्याच्या बाबतीत ही रिस्क घ्यायची नसते. डॉक्टर बहुतेक एसजीपीटी, बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) आणि व्हायरल लोड परत करायला सांगतील आणि गोळी परत सुरू करतील, ते सांगतील तसंच करा. आणि मधल्या काळात डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं, नाकातून नाहीतर हिरड्यांतून रक्त यायला लागलं, किंवा दादा नेहमीपेक्षा जास्त झोपतोय, बोलताना गोंधळतोय असं वाटलं तर फोन वगैरे करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता दादाच्या मुद्द्याकडे येते, कारण त्याने वाचलेलं खोटं नाहीये. म्हणूनच तर त्याला पटलंय ना! नेटवरची माहिती साफ चुकीची असती तर खोडून काढणं सोपं होतं, इथे माहिती बरोबर आहे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे, आणि हे मी पेशंटच्या बाबतीत इतक्या वेळा बघते की मला खरंच काळजी वाटते.

तर हो, हिपॅटायटिस बीचा व्हायरस लिव्हरची पेशी सहसा स्वतः मारत नाही. त्याला ती जिवंत हवी असते. तो पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएची एक गोल, बंद कडी ठेवतो आणि त्यावरून नव्या कॉपी काढत राहतो, पेशी मेली तर त्याचं दुकानच बंद. हे प्रयोगात फार स्वच्छ दिसलेलं आहे. ज्या उंदरांच्या जीन्समध्येच हिपॅटायटिस बीचा जीनोम घातला होता, असे उंदीर व्हायरस बनवत राहिले आणि तरी त्यांचं लिव्हर निरोगी राहिलं, कारण त्यांची इम्युनिटी जन्मापासून त्या व्हायरसला आपलंच समजत होती. मग त्याच उंदरांना बाहेर तयार केलेल्या, व्हायरस ओळखणाऱ्या टी-सेल्स, म्हणजे इम्युनिटीच्या सैनिक पेशी, टोचल्या आणि बघता बघता लिव्हरला सूज आली, पेशी मरायला लागल्या. व्हायरस तोच, उंदीर तोच, फरक फक्त टी-सेल्सचा.

आता हे तुमच्या दादाच्या रिपोर्टला लावून बघा. इतकी वर्षं लोड भरपूर आणि एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे व्हायरस होता पण इम्युनिटी गप्प होती. लहानपणी लागण झालेल्यांमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. मग कधीतरी, बऱ्याचदा विशी-तिशीत, कधी त्यानंतरही, इम्युनिटी जागी होते आणि व्हायरस असलेल्या पेशींवर तुटून पडते, मग एसजीपीटी उसळतो आणि लोड खाली येतो. म्हणजे तुम्हाला जी गोष्ट विचित्र वाटली, की लोड कमी आणि एसजीपीटी जास्त, ती विचित्र नाही. एसजीपीटी, ज्याला रिपोर्टवर एएलटी असंही लिहितात, ते लिव्हरच्या पेशीच्या आत असणारं एन्झाइम आहे, पेशी फुटली किंवा तिचं आवरण गळायला लागलं की ते रक्तात येतं. तो आकडा व्हायरस किती आहे हे सांगत नाही आणि लिव्हर किती काम करतंय हेही सांगत नाही, सध्या पेशींची किती पडझड चालू आहे एवढंच सांगतो. लिव्हर काम करतंय का हे बघायचं तर बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर बघायचे, आणि घरातल्यांनी रिपोर्ट आल्यावर एकट्या एसजीपीटीकडे बघून आनंद किंवा दुःख करू नये असं मी प्रत्येकालाच सांगते.

मरण नेमकं कसं येतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रातले पुढचे दोन्ही प्रश्न तिथेच अडकलेत. व्हायरस असलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर व्हायरसच्या प्रोटीनचे तुकडे दाखवते. टी-सेल येऊन ते ओळखते, चिकटते आणि मारायचे दोन मुख्य रस्ते वापरते. एकात ती परफोरिन नावाच्या प्रोटीनच्या मदतीने ग्रॅन्झाइम नावाची एन्झाइम पेशीच्या आत सोडते. दुसऱ्यात ती आपल्यावरचा फास लिगँड पेशीवरच्या फास नावाच्या रिसेप्टरला लावते, आणि लिव्हरच्या पेशींवर हा फास भरपूर असतो. किती भरपूर, तर 1993 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना फास चालू करणारी अँटिबॉडी टोचली तेव्हा काही तासांत लिव्हर निकामी होऊन ते उंदीर मेले, दुसऱ्या कुठल्या अवयवाने नाही, लिव्हरनेच. फास चालू झाला की आत कॅस्पेज-8 नावाचं एन्झाइम जागं होतं, पण लिव्हरच्या पेशीत तेवढ्याने सहसा भागत नाही, ते बिड नावाचं प्रोटीन कापतं, तो कापलेला तुकडा मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीच्या वीजघरावर जातो, तिथून सायटोक्रोम सी बाहेर पडतं, मग कॅस्पेज-9, मग कॅस्पेज-3, आणि हा शेवटचा मात्र काही शिल्लक ठेवत नाही, पेशीचा सांगाडा कापतो, डीएनएचे तुकडे करणारं एन्झाइम मोकळं सोडतो.

मायक्रोस्कोपखाली हे बघायला मिळतं. चालू हिपॅटायटिसच्या बायोप्सीत, म्हणजे तपासायला काढलेल्या लिव्हरच्या तुकड्यात, आजूबाजूच्या पेशी फुगलेल्या, फिकट असतात आणि मध्येच एखादी आकसलेली, गोल, गडद गुलाबी गोळी दिसते, आत केंद्रकाचे एक-दोन काळपट तुकडे, कधी तेही नसतात, आणि भोवती शेजाऱ्यांपासून सुटल्याची बारीक पांढरी फट. काउन्सिलमन बॉडी म्हणतात तिला, विल्यम काउन्सिलमन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पिवळ्या तापाच्या पेशंटच्या लिव्हरमध्ये तिचं वर्णन केलं होतं. ती म्हणजे ठरल्याप्रमाणे मेलेली लिव्हरची पेशी हे कळायला पुढे बरीच दशकं गेली. अपॉप्टोसिस ही कल्पना 1972 मध्ये कर, वायली आणि करी या तिघांनी मांडली आणि त्यातल्या जॉन करचं सुरुवातीचं काम उंदरांच्या लिव्हरवरच होतं. म्हणजे या सगळ्या विषयाची सुरुवातच लिव्हरपासून झालीय असं म्हटलं तरी चालेल. स्लाइडवर तशा गोळ्या फार वेळ दिसत नाहीत, कारण कुपफर सेल्स म्हणजे लिव्हरमधल्या सफाई करणाऱ्या पेशी त्या पटकन गिळून टाकतात. नेहमीच्या थोड्याफार पेशी अशा गेल्या तर कुणाला पत्ताही लागत नाही, लिव्हर नव्या बनवतं. पण नेहमीपेक्षा फार जास्त जायला लागल्या की सफाई मागे पडते, न उचललेल्या पेशी फुटतात, आतला माल सांडतो, एसजीपीटी रक्तात येतो आणि सांडलेल्या मालामुळे अजून सूज येते.

इथपर्यंत दादा म्हणेल, बघ, मी म्हणत होतो ना, इम्युनिटीच करतेय.

पण टी-सेल येतेय कशासाठी? पेशीवर व्हायरसचा तुकडा दिसतोय म्हणून. व्हायरसचं काम जितकं कमी होईल तितकं मारायचं कारणही कमी होतं. आणि गोळी त्याच दिशेने काम करते हो! टेनोफोविर आणि एंटेकॅविर ही औषधं व्हायरसच्या कॉपी काढणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात, नवा व्हायरस बनणं जवळजवळ थांबतं, नव्या पेशींना लागण होत नाही, आणि काही महिन्यांत सूज उतरते, पेशींचं मरणं आपोआप कमी होतं. इम्युनिटीला हात न लावता मरणं कमी करायचा सध्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग हाच आहे. दादाला एवढंच समजावा, की तुझं वाचन बरोबर आहे, आणि म्हणूनच गोळी हवी.

याचा पुरावा काय असं तो विचारेल, विचारावंच त्याने. टेनोफोविरच्या एका मोठ्या अभ्यासात, तो 2013 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, 348 पेशंटची उपचाराआधी आणि पाच वर्षांनी अशी दोनदा बायोप्सी केली होती. त्यातल्या 96 जणांना सुरुवातीला सिरोसिस, म्हणजे लिव्हरमध्ये चट्ट्यांच्या भिंती झालेल्या, होता, आणि पाच वर्षांनी त्यातल्या 71 जणांच्या बायोप्सीत सिरोसिस राहिला नव्हता. मी शिकत होते तेव्हा सिरोसिस म्हणजे परतीचा रस्ता नाही असंच शिकवायचे. हा आकडा मी पेशंटना सांगते तेव्हा त्यांना फार बरं वाटतं आणि सांगताना मलाही.

हिपॅटायटिस सीमध्ये तर हे अजून स्पष्ट दिसतं. तो व्हायरसही मुख्यतः इम्युनिटीच्या हातूनच पेशी मारवतो, पण तो केंद्रकात कायमची कडी ठेवत नाही, त्यामुळे आताच्या गोळ्यांनी साधारण 8 ते 12 आठवड्यांत 95 टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात, आणि व्हायरस गेला की इम्युनिटी शांत बसते, एसजीपीटी खाली येतो. इम्युनिटीला कुणी काही दिलेलं नसतं, मारायचं निमित्त तेवढं काढून घेतलेलं असतं. बीमध्ये ती कडी पेशीत राहते, गोळी तिला काढू शकत नाही, म्हणून गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते आणि म्हणूनच ती मनाने बंद करायची नसते. कधी बंद करता येते का? काही पेशंटमध्ये येते, पण ते टेस्ट बघून डॉक्टर ठरवतात आणि त्यानंतर बारीक लक्ष ठेवतात.

आता पावडरी. ताई, त्या बंद करा, प्लीज. घरच्यांचं प्रेम आहे त्यात, मला मान्य आहे, पण दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे दादाची इम्युनिटी कमी पडतेय म्हणून त्याचा एसजीपीटी वाढलेला नाही, ती जागी झालीय म्हणून वाढलाय, तर तिला अजून चेतवून मिळवायचं काय? खरं सांगायचं तर त्या पावडरींनी ती तशी चेततही नाही, बहुतेकांच्या मागे काही पुरावाच नसतो. पण दुसरी गोष्ट खरी काळजीची आहे, ती म्हणजे कितीतरी हर्बल सप्लिमेंट स्वतःच लिव्हरला इजा करतात. हाय डोस ग्रीन टी एक्सट्रॅक्टने लिव्हर खराब झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, अश्वगंधा सप्लिमेंटच्याही आहेत, आणि डब्यात लिहिलंय त्यापेक्षा वेगळंच काही आत असतं हेही होतं. आधीच सुजलेल्या लिव्हरवर हा भार कशाला, आणि उद्या एसजीपीटी अजून वाढला तर तो व्हायरसने की गोळी सोडल्याने की पावडरीने हे डॉक्टरांनी कसं ओळखायचं? काय काय दिलं त्याची यादी करा, डबे जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दारूचा तर प्रश्नच नाही, एक थेंब नको. पॅरासिटामोल ताप-अंगदुखीला लागली तर किती घ्यायची ते विचारून घ्या.

आणि उलट्या बाजूने कुणी सुचवलं की मग इम्युनिटी दाबूया, स्टेरॉइड देऊया, तर तेही मनाने अजिबात नको. इम्युनिटी दाबली की हा व्हायरस मोकाट सुटतो. रिटुक्सिमॅबसारखी औषधं किंवा कॅन्सरची किमोथेरपी घेताना हिपॅटायटिस बी उलटून जिवावर बेतल्याच्या केसेस आहेत, म्हणून तर ती सुरू करण्याआधी बीची टेस्ट करतात. अजून एक गोष्ट, जी नेटवरच्या छोट्या लेखांत येत नाही: अवयव प्रत्यारोपणानंतर इम्युनिटी खूप दाबलेल्या काही पेशंटमध्ये व्हायरस पेशीत इतका साठतो की टी-सेल्स फारशा नसतानाही पेशी खराब होतात आणि लिव्हर फार झपाट्याने जातं. म्हणजे 'व्हायरस पेशी मारत नाही' हेसुद्धा इम्युनिटी पहाऱ्यावर आहे तोपर्यंतच खरं. दादाला कधीही, कुठल्याही आजारासाठी स्टेरॉइड, किमो किंवा इम्युनिटी दाबणारं औषध द्यायचं ठरलं तर आधी सांगायचं की मला हिपॅटायटिस बी आहे. हे त्याच्या डोक्यात पक्कं बसवा.

तुमचा तिसरा प्रश्न, मरणं थांबवणारं औषध. विचार तुम्ही एकट्याच करत नाही, तो शास्त्रज्ञांनीही केला. एमरिकासान नावाचं औषध होतं, ते सगळ्या कॅस्पेजना अडवतं, म्हणजे वर सांगितलेली साखळीच तोडतं. हिपॅटायटिस सीच्या पेशंटना दिलं तर एसजीपीटी खाली आला, सगळ्यांना आशा वाटली. मग फॅटी लिव्हरच्या पेशंटमध्ये मोठी ट्रायल झाली आणि तिथे एन्झाइम सुधारूनही बायोप्सीत लिव्हरमधल्या चट्ट्यांचं (फायब्रोसिसचं) प्रमाण सुधारलं नाही, उलट काही पेशंटमध्ये बिघडल्यासारखं वाटलं. का, तर एक शक्यता अशी मांडली गेली की ज्या पेशीला मरायचंच आहे तिचा एक रस्ता बंद केला तर ती दुसऱ्या, जास्त सांडलवंड करणाऱ्या रस्त्याने मरते. ते औषध बाजारात आलं नाही, म्हणून कुणी ऑनलाइन मिळवून देतो म्हणाला तर लांब राहा. मला त्या ट्रायलमधून जे महत्त्वाचं वाटतं ते हे, की एसजीपीटी खाली आणणं आणि लिव्हर वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मरणं पूर्ण थांबवायची इच्छा का धरू नये याचं अजून एक कारण आहे. व्हायरस शरीरातून जायचा असेल तर काही पेशींना जावंच लागतं. किती, हा प्रश्न फार सुंदर पद्धतीने सुटला. 1999 मध्ये चिंपांझींवरचा एक अभ्यास आला, त्यात अक्यूट हिपॅटायटिस बीमध्ये लिव्हरमधला बहुतेक व्हायरल डीएनए टी-सेल्सची मोठी लाट येण्याआधीच, म्हणजे लिव्हरची खरी पडझड होण्याआधीच नाहीसा झालेला दिसला. इम्युनिटीने सोडलेल्या इंटरफेरॉन गॅमासारख्या रसायनांनी पेशीला न मारता तिच्यातला व्हायरस धुऊन काढला होता. शेवटची सफाई मात्र पेशी मारून आणि नव्या बनवूनच झाली असं दिसतं. म्हणजे मोठ्या माणसाला नव्याने लागण झाली आणि इम्युनिटी वेळेवर, नीट चालली तर थोडं मरण पुरतं आणि माणूस बरा होतो, निरोगी मोठ्या माणसांत 95 टक्क्यांहून जास्त असेच बरे होतात. क्रॉनिक हिपॅटायटिसमध्ये टी-सेल्स थकलेल्या असतात, त्या पेशी मारतात पण सगळ्या संपवत नाहीत, आणि ते अर्धवट युद्ध वर्षानुवर्षं रेंगाळतं. लिव्हर जातं ते या रेंगाळण्याने.

रेंगाळल्यावर आत काय होतं ते पण सांगते, म्हणजे 'त्रास काहीच नाही मग गोळी कशाला' याचं उत्तर मिळेल. लिव्हरमध्ये स्टेलेट सेल्स असतात, एरवी त्या शांत, पोटात व्हिटॅमिन ए साठवून बसलेल्या. मेलेल्या पेशींचे तुकडे त्यांनी गिळले, शेजारच्या कुपफर सेल्सनी टीजीएफ-बीटा नावाचं सिग्नल देणारं प्रोटीन सोडलं, की त्यांचं रूपच बदलतं आणि त्या कोलॅजन, म्हणजे चट्ट्यांचे धागे, बनवायला लागतात. दोन-चार महिने चाललं तर ते कोलॅजन विरघळून जातं, वीस वर्षं चाललं तर त्याच्या भिंती होतात, तोच सिरोसिस. आणि यात दुखत नाही काही, लिव्हरच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसाच नसल्यासारख्या. दुसरीकडे मेलेल्यांची जागा भरायला उरलेल्या पेशी सतत विभागत राहतात, प्रत्येक विभागणीत डीएनएमध्ये चुका व्हायची संधी, त्यात हा व्हायरस आपला डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये मध्येमध्ये घुसवतो, आणि त्यातून लिव्हर कॅन्सरची शक्यता वाढते, हिपॅटायटिस बीमध्ये तर सिरोसिस नसतानाही होऊ शकतो. म्हणून दादाला गोळीसोबत दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागेल का ते डॉक्टरांना विचाराच, आणि फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी, झालं नसेल तर तेही.

उलट दिशेचं कामही चालू आहे, ते वाचनात आलं असेल नसेल म्हणून सांगते. काही संशोधक लागण झालेल्या पेशींनाच निवडून मरायला लावायच्या मागे आहेत, म्हणजे त्या कडीसकट पेशी जाईल. बिरिनापँट नावाच्या औषधाने 2015 मध्ये उंदरांमध्ये हिपॅटायटिस बी गेल्याचं दाखवलं. पण ते उंदरांत, माणसासाठी आज ते उपचार नाहीत. दादासाठी आज जे आहे ते रोज एक गोळी आहे, आणि ती चांगली आहे.

दादाशी बोलताना त्याला चूक ठरवून सुरुवात करू नका, एवढी विनंती. त्याने आपल्या आजाराबद्दल खोलात जाऊन वाचलं, घाबरला आणि हातात होती ती एकच गोष्ट बंद करून टाकली, मला त्यात हट्टापेक्षा भीती जास्त दिसते. आपलंच शरीर आपल्याला खातंय हे वाचून कुणाचाही धीर सुटेल. त्याला सांगा की त्याचं शरीर त्याच्या विरोधात गेलेलं नाही, इतक्या वर्षांनी ते व्हायरसशी लढायला उभं राहिलंय आणि त्या लढाईत लिव्हर भरडू नये म्हणून गोळीची साथ हवी. डॉक्टरांकडे तुम्ही सोबत गेलात तर बरं, आणि गोळी बंद केल्याबद्दल ते रागावतील ही भीती असेल तर तुम्हीच आधी फोनवर सांगून टाका. चांगला डॉक्टर रागवण्यापेक्षा कारण विचारेल.

आईंना माझा निरोप द्या. जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी साधारण 90 टक्क्यांमध्ये हा आजार कायमचा राहतो, कारण इतक्या छोट्या बाळाची इम्युनिटी त्याला शत्रू म्हणून ओळखतच नाही. आईंना बहुतेक त्या वेळी माहीतही नसेल की आपल्याला हे आहे, त्यांनाही कुठून तरी, कदाचित त्यांच्या आईकडूनच मिळालेलं असेल. हिपॅटायटिस बीची लस पहिल्यांदा 1981 मध्ये मंजूर झाली, आणि प्रत्येक बाळाला जन्मल्यावर 24 तासांत पहिला डोस द्यायचा ही पद्धत जगभर रुळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. त्यांच्या हातात जे नव्हतंच त्याचं ओझं त्यांनी का वाहायचं? रडण्याऐवजी त्यांनी स्वतःची तपासणी कधी केली ते विचारा, त्यांचाही व्हायरल लोड, एसजीपीटी, फायब्रोस्कॅन व्हायला हवं, पत्रात सगळं दादाचंच आहे, आईंच्या रिपोर्टबद्दल एक ओळ नाही. दादाचं लग्न झालं असेल तर वहिनींची टेस्ट आणि लस, मुलं असतील तर त्यांचीही. एकत्र जेवणं, मिठी मारणं, एकाच घरात राहणं याने हा पसरत नाही, रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळे हवेत.

आणि ताई, आता तुमचं. मी ठणठणीत आहे असं तुम्ही लिहिलंय, पण टेस्ट केली असं कुठेही लिहिलं नाही. दादाही इतकी वर्षं ठणठणीतच होता ना? तुम्ही त्याच आईच्या पोटी, त्याच्यानंतर जन्मलात, लहानपणी लस मिळाली का हे कदाचित घरात कुणाला आठवतही नसेल. तीन टेस्ट आहेत, एचबीएसएजी, अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस, एकाच वेळच्या रक्तात तिन्ही होतात. पहिली पॉझिटिव्ह आली तर दादाच्याच डॉक्टरांकडे आपली फाइल काढायची, तिन्ही निगेटिव्ह आल्या तर लस घ्यायची, आणि फक्त शेवटची पॉझिटिव्ह आली तर लसीने संरक्षण दिलंय, निश्चिंत व्हायचं. दादाला घेऊन जाल त्याच दिवशी तुमचंही रक्त देऊन या, आणि रिपोर्ट आले की मला कळवा.